नव्वदची खूण

मी तोंडाने फटकळ आहे, हे आमच्या असल्फ्याच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा. सेक्रेटरीला बोलते, पाणी सोडणाऱ्याला बोलते, सख्ख्या जावेला तर लग्नाच्या मांडवात बोलले होते. मागून बोलायची आपल्याला सवय नाही, जे काय ते तोंडावर. आणि अशा ह्या शकुने एक गोष्ट महिनोन् महिने पोटात ठेवली. नको तिथे बडबडले सगळा जन्म आणि बोलायचं तिथे दातखीळ बसली.

गोष्ट एवढीच होती की आमच्या ह्यांना दिसेनासं झालं होतं.

हे म्हणजे शिवदास. साकीनाक्याला खैराणी रोडवर ह्यांचं गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, खोपटंच. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. पण फियाट म्हणू नका, अँबेसेडर म्हणू नका, जीप म्हणू नका, कुणाचा वेगाचा काटा अडकला, कुणाचा पेट्रोलचा काटा पडला की ती गाडी ह्यांच्या दारात यायची. मग गाड्यांत सगळे कॉम्प्युटर आले. मीटर बिघडला की अख्खा बदलायचा, दुरुस्त कोण करतो? दुकान बंद झालं आणि हे घरी बसले. पुरुष माणूस घरी बसला की काय होतं ते बायकांना सांगायला नको. डाळीला फोडणी कधी द्यायची ते मला शिकवायला लागले. मी म्हटलं, अहो, एवढी वर्षं काय कच्ची डाळ खाल्लीत?

त्यातून सोडवलं आमच्या गंधालीने. पोरीने इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, अंधेरीला एमआयडीसीत नोकरी केली, आणि एक दिवस ती सोडून घरी आली. म्हणाली, जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक आहेत, त्यांना डॅशबोर्डसाठी आपल्या पसंतीचे मीटर बनवून हवे असतात. दिसायला जुने, कामाला पक्के. मी कपाळावर हात मारला. ह्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्या जेवायच्या टेबलावर तिच्या शेजारी जाऊन बसले. मी विचारलं, "कुठे निघालात?" तर म्हणतात, "कामावर."

तेव्हापासून रोज. टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला ह्यांची खुर्ची. काटा किती हलका हवा, स्प्रिंग किती ताणायची, गाडी हादरली तरी काटा थरथरू नये म्हणून काय करायचं, हे सांगायचे आणि ती करायची. कधी कडाकडा भांडायची दोघं. पण दुपारी ताटावर बसले की ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं ना, ते मी दुकान बंद झाल्यावर पहिल्यांदा बघत होते. त्या खुर्चीत माझ्या नवऱ्याचा जीव होता.

म्हणून तर मी गप्प बसले.

कळायला मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. नवरा-बायको आहोत, सरकारी कचेरी नाही, की कागद आल्याशिवाय समजणार नाही. हे दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. चहाचा कप उजवीकडे ठेवला की शोधायचे. पेपर वाचणं सोडलं. विचारलं तर म्हणे, "काय असता त्या पेपरात? नुसत्यो मारामाऱ्यो." एकदा गंधालीच्या हातातला बारीक स्क्रू खाली पडला आणि हे गुडघ्यावर बसून लादीवर तळहात फिरवून शोधत होते. स्क्रू डोळ्यांसमोर चमकत होता हो! मी पायाने हळूच त्यांच्या हाताकडे सरकवला. "गावलो," म्हणाले आणि हसले. मीही हसले.

त्या दिवशी दुपारी गंधाली सामान आणायला गेली होती, तेव्हा मी विषय काढला. "अहो, डोळे दाखवून येऊया का?"

"माका दिसता सगळा," ताडकन् म्हणाले. हे चिडले की मालवणीवर येतात. मग जरा थांबून, "तिका काय सांगू नको, शकु. माका टेबलावरून उठवतली ती."

मी नाही सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हटलं. उलट मीच सांभाळायला लागले. कप हातातच द्यायचा. चपला एकाच जागी. टीव्हीवर खाली बातम्यांची पट्टी धावते ती मी मोठ्याने वाचायची, जशी काय मलाच हौस. इतकी हुशारीने झाकपाक केली की पोरीला वर्षभर पत्ता लागला नाही. नको त्या कामात माझी हुशारी.

मग आले चंद्रप्रकाश. वांद्र्याचे, पन्नाशीचे, बोलायला गोड माणूस. त्यांच्या वडिलांची जुनी फियाट होती, ती त्यांनी रंगवून-बिंगवून नवी नवरी केली होती. त्यांना डॅशबोर्डवर एकच लांब पट्टी हवी होती. मधे वेगाचा मोठा मीटर, आणि बाजूला चार छोटे, पेट्रोल, ऑइल, बॅटरी आणि इंजिनची गरमी. पांढरट डायल, त्यावर हिरवट आकडे. गंधालीचं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम. तिने ते डोळ्यांत तेल घालून केलं. लाकडाची चौकट मुलुंडच्या एका सुताराकडून करून आणली, काचा कापून आणल्या, डायल तीन वेळा छापून तीन वेळा फेकल्या. हे शेजारी बसून बोटाने चाचपून म्हणायचे, "झकास झाला." मला मेलीला कळत होतं की हे बोटाने बघतायत.

गरमीचा मीटर लावायची एक रीत आहे. ह्यांचीच रीत, दुकानापासूनची. इंजिनात जो सेन्सर बसतो, पितळेचा, बोटाच्या पेराएवढा, तो पाण्याच्या पातेल्यात सोडायचा. त्याची वायर मीटरला. पातेल्यात काचेचा थर्मामीटर धरायचा आणि खाली गॅस पेटवायचा. पाणी तापत जातं तसा एकाने थर्मामीटर बघून हाक द्यायची, साठ, सत्तर, ऐंशी, आणि दुसऱ्याने, काटा त्या वेळी जिथे असेल तिथे कोऱ्या डायलवर पेन्सिलने खूण करायची. त्या खुणांवर मग आकडे छापायचे. आमच्याकडे मीटर हॉलमध्ये टेबलावर, वाफ लागू नये म्हणून, आणि पातेलं माझ्या ओट्यावर. पातेलंही माझंच, दुधाचं. हाक द्यायला हे, खूण करायला गंधाली. दुकानातही हाक देणारे हेच. थर्मामीटर दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत.

त्या दिवशी मी शेजारच्या शेगडीवर कुकर लावला होता. साडेबाराची वेळ, जेवण नको व्हायला? हे पातेल्यावर वाकून उभे. कुकरने वाफ धरली, फुस्स फुस्स सुरू झालं, आणि हे एकदम कावले.

"शकु, बंद कर तो कुकर!"

"का म्हणून?"

"आवाज होता."

मी आधीच घामाघूम झालेली, ओट्यावर वायरींचं जंजाळ, माझ्या दुधाच्या पातेल्यात पितळेचं बोंडूक. माझी सटकली. "माझ्या स्वयंपाकघरात माझा कुकर वाजणार! तुमच्या थर्मामीटरला काय कान आहेत?"

हॉलमधून गंधाली हसली. "खरंच बाबा, बघूनच तर सांगायचंय. आवाजाचा काय त्रास?"

हे मान खाली घालून पातेल्याकडे तोंड करून उभे राहिले. ह्यांचा चेहरा मला दिसत होता. डोळे पातेल्यावर नव्हतेच, ओट्याच्या फरशीवर कुठेतरी होते, आणि मान अशी एका बाजूला कललेली. मला वाटलं रागावलेत. मी मुद्दाम आणखी एक शिट्टी होऊ दिली.

"ऐंशी!" हे ओरडले. मग बऱ्याच वेळाने, "नव्वद!" तोवर पाणी चांगलं खळखळायला लागलं होतं. माझ्या मनात आलंसुद्धा, की मेलं नव्वदलाच एवढं उकळतंय? पण मी म्हटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. ज्याचं काम त्याने करावं.

पट्टी तयार झाली तेव्हा बघायला शेजारच्या शर्मिष्ठावहिनी आल्या, खालच्या मजल्यावरचे आले. मागे दिवा लावला की ते हिरवट आकडे असे उजळायचे, मला देवघराची आठवण झाली. गंधालीने मागच्या बाजूला कोपऱ्यात छोट्या अक्षरांत दोन नावं कोरली होती, शिवदास आणि गंधाली. ह्यांनी त्यावर कितीदा तरी अंगठा फिरवला. चंद्रप्रकाश येऊन घेऊन गेले, जाताना ह्यांच्या पाया पडले. हे दोन दिवस जमिनीवर नव्हते.

पुढच्या रविवारी चंद्रप्रकाश बायकोला घेऊन मढला निघाले, गाडीचा पहिला फेरफटका म्हणून. वाटेत ट्रॅफिकमध्ये गाडी तापली. जुनी गाडी, तापणारच, त्यात नवल नाही. पण माणूस काट्यावर नजर ठेवूनच होता. काटा डायलवरच्या लाल खुणेच्या अलीकडे, शहाण्यासारखा उभा. म्हणून त्यांनी गाडी थांबवली नाही. मढच्या अलीकडे बॉनेटमधून वाफेचा लोट आला, आतून काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी बसली. वाहून आणावी लागली. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, वरचा भाग तापून वाकलाय. त्यांच्या वडिलांचं इंजिन होतं हो ते.

गंधाली गॅरेजमध्ये गेली आणि सेन्सर, मीटर सगळं काढून घेऊन आली. चेहरा पांढराफटक. पातेलं घेतलं, पाणी भरलं, गॅस पेटवला. मीटर ह्या वेळी ओट्यावरच ठेवला. हे खुर्चीतून उठले, "थांब, मी येतंय."

"नको बाबा. बसा."

थर्मामीटर तिने स्वतः धरला. मी मागे उभी होते. मीटरचा काटा ऐंशीच्या खुणेवर आला तेव्हा थर्मामीटरमधली लाल रेघ नव्वदच्याही वर गेली होती. आणि नव्वदच्या खुणेवर काटा आला तेव्हा पाणी शंभराला टेकलेलं. तिने गॅस बंद केला, पुन्हा थंड पाणी भरलं, पुन्हा केलं. तेच.

हॉलमध्ये जाऊन तिने फोन लावला. आम्ही दोघंही ऐकत होतो.

"सर, मार्किंग चुकलंय. हो, माझ्याकडून. ...नाही सर, दुसरं कोणी नव्हतं. मीच केलं होतं. इंजिन उभं करून देणं माझी जबाबदारी."

हे खुर्चीत बसलेले. हात गुडघ्यांवर. मला वाटलं आता बोलतील. ह्यांना वाटलं असेल मी बोलेन. कोणीच नाही बोललं. आमची पोर एकटी त्या फोनवर सॉरी, सॉरी म्हणत राहिली.

मग ती स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं. आवाज दबका.

"आई, बाबांना दिसत नाही. तुला माहीत होतं?"

"त्यांना वाईट वाटलं असतं गं," मी म्हटलं.

"मग आता काय वाटतंय त्यांना?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अख्ख्या दुनियेला तोंडावर बोलतेस तू. मला एकदा सांगता आलं नाही? मी काय त्यांना हाकलून देणार होते? त्यांना दिलं असतं ना मी दुसरं काम! डॉक्टरकडे नेलं असतं!"

मी फडकं घेऊन कोरडाच ओटा पुसायला लागले. दार उघडलं आणि हे आत आले, चौकटीला खांदा आपटला.

"तिका कित्याक बोलतंस?" हे म्हणाले. "मीच तिका गप रव म्हटलंय. माका ती रेघ दिसत नाय, गंधू. मी पाणी ऐकून सांगत होतंय. तळाक बुडबुडे सुटतत तेचो आवाज वेगळो, पाणी गाणा म्हणता तेचो वेगळो. एवढी वर्सा ऐकलंय, वाटला जमतला." मग माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू, "त्या दिवशी कुकर होतो गो. पाणी ऐकाक येय नाय."

ती कललेली मान. ती फरशीवर लागलेली नजर. रागावले नव्हते हो ते. कान देऊन उभे होते. आणि मी फुशारकीने शिट्टी होऊ दिली होती.

डॉक्टरकडे गेलो घाटकोपरला. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. मला वाटलं मोतीबिंदूसारखं असेल, ऑपरेशन केलं की झालं, आमच्या शर्मिष्ठावहिनी तिसऱ्या दिवशी सिरियल बघायला लागल्या होत्या. डॉक्टरीण बाई चांगली होती, तिने समजावून सांगितलं. ह्यात गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून राहिलेली टिकवायची. मग साधंच विचारलं, "त्रास कधीपासून होता? थोडं आधी आला असतात तर बरीच वाचली असती."

गंधालीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं आता मी दिवसातून तीनदा घड्याळ लावून ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. एक वेळ चुकवत नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेते आणि दर वेळी मनात येतं, ह्याच मांडीवर घेऊन तेव्हाच विचारलं असतं जरा नेट लावून, तर? चिडले असते. चार दिवस अबोला धरला असता. धरू दे की. नजर तर राहिली असती. मी ह्यांची इज्जत सांभाळायला गेले आणि डोळे घालवून बसले.

चंद्रप्रकाश भले निघाले. इंजिन उभं राहीपर्यंत थांबले, भांडले नाहीत. गंधालीने मीटर नव्याने लावून दिला. आधी दिलेल्या गाड्याही तिने बोलावून तपासल्या. एक बरोबर निघाली, एक जराशी पुढे-मागे. तीही नीट करून दिली.

आणि मग तिने नवीन थर्मामीटर आणला. आकड्यांचा, ठोकळ्यासारखा. आपण सांगू त्या गरमीला तो आपोआप ओरडतो. तिने मोठ्या आनंदाने ह्यांच्या हातात दिला. "बाबा, हे बघा. आता डोळे लावून बसायलाच नको. साठला ओरडतो, सत्तरला ओरडतो. वाचायचं टेन्शनच गेलं."

पोरीच्या मनात पाप नव्हतं, तिने बापाची लाज जावी म्हणूनच आणला होता. हे हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवत बसले, जसा त्या कोरलेल्या नावांवरून फिरवला होता तसा. "बरा झाला," म्हणाले. "चांगला आणलंस." दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. खुर्ची आपल्या हाताने उचलून खिडकीजवळून गॅलरीत नेली. गंधाली म्हणाली, "बाबा, इथेच बसा ना, मला विचारायचं असतं." तर म्हणाले, "हयसर वारो बरो लागता." ती अजून विचारते, काटा असा का अडकतो, स्प्रिंग अशी का. हे गॅलरीतून उत्तर देतात. पण उठून येत नाहीत.

परवा तिला पुण्याच्या एका माणसाच्या जीपचा मीटर लावायचा होता. दुधाचं पातेलं तिने ओट्यावर ठेवलं, सेन्सर सोडला, त्या ठोकळ्याची वायर पाण्यात सोडली. मी डाळ-तांदूळ धुऊन कुकर भरून ठेवला होता. पण लावला नाही. आताशा मी तिचं पातेलं उतरेपर्यंत कुकर लावतच नाही. मिक्सर लावत नाही, भांडी घासत नाही, नळसुद्धा बारीक सोडते. कोणी सांगितलेलं नाही. हात धजत नाही, बस्स. स्वयंपाकघर अगदी गप्प झालं होतं. पाणी हळूहळू बोलायला लागलं, आधी बारीक सळसळ, मग ते गाणं. मला आता ऐकू येतं ते सगळं. तेव्हा नाही आलं.

ठोकळा ओरडला. गंधालीने खूण केली. जेवायची वेळ टळून चालली होती आणि मी ओट्याला टेकून भरलेल्या कुकरवर हात ठेवून नुसती उभी.

गॅलरीतून ह्यांचा आवाज आला. रागाचा नव्हता, साधाच.

"शकु, लाव गो कुकर. आता माका काय ऐकूचा नाय."